मुक्या जीवाचा अंतकाळ

अहिंसा हा महानुभाव आचारधर्माचा पाया होय. जीव लहान असो वा थोर, त्यास दुःख देऊ नये, हे निरूपण प्रत्येक उपदेशी स्त्री-पुरुषाच्या कानावरून गेलेले असते. परंतु जो जीव आधीच असह्य वेदनेत आहे, ज्याची वेदना कोणत्याही उपायाने हटत नाही आणि ज्याला आपली इच्छा बोलून दाखविता येत नाही, अशा जीवाच्या बाबतीत दयेचे रूप कोणते? दया म्हणून त्याचा प्राण घ्यावा काय? हा प्रश्न पोथीपुरता नाही. तो गृहस्थाच्या गोठ्यातही उभा राहतो.

जुन्नर तालुक्यात नारायणगावास लागून असलेले वारूळवाडी आणि एकंदर जुन्नर-आंबेगावचा टापू हा बैलावर जीव लावणारा मुलूख आहे. घाटात धावलेला बैल वारला म्हणजे त्याचा दशक्रिया विधी केल्याची उदाहरणेही या भागात आढळतात. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आली. म्हातारा बैल कसायाला विकण्याची वाट बंद झाली आणि त्याच्या अंतकाळाचा भार मालकाच्या दारात आला. म्हातारा बैल एकदा बसला आणि उठेनासा झाला, की त्याच्याच अंगाच्या भाराने खालच्या पायाचे स्नायू व शिरा दबतात, कातडीला जखमा पडतात, आडवा राहिल्याने पोट फुगते. दिवसातून अनेकदा चार माणसांनी त्याची कूस बदलावी लागते. हे सारे पाहणाऱ्या धन्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको.

अशा वेळी दोन सोप्या पळवाटा पुढे येतात. पहिली, जनावर पूर्ण आडवे होण्याआधीच दावे सोडून त्याला मोकाट करणे. ज्याने आयुष्यभर ओझे वाहिले त्याला रस्त्यावर सोडून देणारा मनुष्य रक्त सांडत नाही एवढेच; दुःख तो देतोच. दुसरी पळवाट शास्त्राच्या नावाने येते: "त्याचा भोग आहे, त्याने भोगावा." कर्माचे फळ जीवास भोगावे लागते हे खरे. तथापि आपल्या पायात काटा रुतला असता कोणी भोग म्हणून तो तसाच ठेवीत नाही. दुसऱ्याच्या वेदनेपुरताच भोगाचा सिद्धान्त आठवणे ही निष्ठुरता होय.

या प्रश्नावर मोठा वाद १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात झाला. तेथील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपाय खुंटल्यावर महात्मा गांधींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याचा अंत करविला आणि या कृतीस अहिंसाच म्हटले. शस्त्रक्रिया करणाऱ्याची सुरी जशी हिंसा नव्हे तशी ही कृतीही हिंसा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांच्या हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शस्त्रक्रियेनंतर रोगी उरतो, येथे जीवाचा देह उरत नाही. म्हणून ही उपमा पुरी पडत नाही.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला आणि मागणाऱ्यांच्या हाती त्यांनी तो दिला नाही. आश्रयास आलेल्याचे रक्षण करावे, हा त्या लीळेचा उघड बोध आहे. पाळलेला पशूही आपल्या आश्रयासच आलेला असतो. परंतु म्हाताऱ्या बैलाचा शिकारी बाहेर नाही, तो त्याच्या देहातच बसलेला आहे. त्याला उपदेश करून परत धाडता येत नाही. मग आश्रयदात्याच्या हाती काय उरते? शिकारी परतविता येत नसेल, तरी आपण शिकारी होऊ नये आणि आश्रिताला एकटे टाकू नये, एवढे उरतेच.

यावरून आचार असा निघतो. व्रतस्थाने प्राणहरण करू नये आणि करवू नये. गृहस्थाने प्रथम वैद्यास बोलवावे, वेदनाशामक औषध द्यावे, खाली पाचट किंवा कडबा पसरावा, जखमा धुवाव्यात. आशा संपल्यावर बळेच चारा-औषध तोंडात कोंबून मरण लांबविण्याचाही आग्रह नसावा. मरू देणे आणि मारणे यांत अंतर आहे. एवढे करूनही वेदना आवरत नसेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १३ वे कलम आहे. जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशा जनावराच्या अंताची तरतूद त्यात आहे. तो मार्ग पत्करण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःस विचारावे: दुःख नक्की कोणाचे संपवावयाचे आहे, त्या पशूचे की आपले? आपली झोपमोड, आपला खर्च, आपल्याला न पाहवणारे दृश्य ही कारणे त्या जीवाची नव्हेत. हाच बैल कामाचा असता तर आणखी किती दिवस शुश्रूषा केली असती, याचेही उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.

आणि तरीही कोणी त्या मार्गाने गेला, तर त्याला क्रूर म्हणण्याची घाई कोणी करू नये. मात्र त्यानेही त्या कृतीस अहिंसा म्हणू नये. मोठी वेदना टाळण्यासाठी पत्करलेली ती हिंसाच आहे. तिला पुण्याचे नाव दिले की पुढचा निर्णय सोपा होतो, त्याच्या पुढचा अधिक सोपा होतो, आणि शेवटी निरुपयोगी झालेला प्रत्येक जीव दयेला पात्र ठरू लागतो. दोष दोष म्हणून ओळखणे आणि त्याचा अनुताप बाळगणे, यातच दया जागी राहते. प्राण जाईपर्यंत त्या मुक्या जीवाच्या मानेवर धन्याचा हात असावा. एवढे करणे प्रत्येकाच्या शक्तीतले आहे.