कानातली बाळी आणि बोटातली अंगठी

गेल्या वर्षी रमजानच्या काही दिवस आधी, मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावीत शिकणारा, अंगाने किरकोळ, नजर जमिनीकडे लावलेली. त्याच्या डाव्या कानात चांदीची एक बारीक बाळी होती. "मौलाना, तुम्हीच याला समजवा. आमच्या खानदानात असले बायकी थेर कुणी केले नाहीत. लोक हसतात आम्हाला," असे म्हणून वडिलांनी मुलाचा कान धरून पुढे केला. ज्या हाताने कान धरला, त्या हाताच्या बोटात सोन्याची जाड अंगठी होती. मी मुलाला जे सांगायचे ते सांगितले. अंगठीविषयी मात्र माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पुढच्या जुम्याला मी स्त्री-पुरुषांच्या वेषभेदावरच बयान केले आणि बोलता बोलता माझी नजर दोनदा तरी त्या मुलाच्या सफकडे गेली. त्याने ते पाहिले, इतरांनीही पाहिले. त्यानंतर तो आमच्या मशिदीत जुम्याला दिसला नाही.

मी सांगितलेला मसला खोटा नव्हता. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. स्त्रियांचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांचा आणि पुरुषांचे अनुकरण करणाऱ्या स्त्रियांचा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या हदीसमध्ये धिक्कार केला आहे. शब्द कडक आहेत आणि ते सौम्य करून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्या हदीसवर अंमल करायचा म्हटले की पहिला प्रश्न असा उभा राहतो: अमुक वस्त्र पुरुषी आणि तमुक बायकी, हे ठरवले कुणी?

आजची फॅशन या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देते की, कुणीच नाही. ही सारी माणसांनी मांडलेली रूढी आहे, तेव्हा ती मोडायला हरकत नाही. या दाव्यात अर्धे तथ्य आहे, म्हणूनच तो आपल्या मुलांना पटतो. सतराव्या शतकात फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल रंगाच्या उंच टाचांचे जोडे घालून मिरवत असे आणि ते मर्दानी वैभवाचे लक्षण होते. आज तीच टाच बायकांची म्हणून ओळखली जाते. १९६६ साली पॅरिसच्या इव्ह सां लोराँ याने पुरुषांच्या मेजवानीच्या पोशाखावरून स्त्रियांसाठी सूट बेतला. त्या काळी धाडसाचा वाटलेला हा पोशाख आज दफ्तरात कुणाच्या नजरेतही भरत नाही. दूर कशाला जायचे? आमच्या महाराष्ट्रात नऊवारीचा काष्टा धोतरासारखाच मागे खोचला जातो, पण शेतात राबणाऱ्या आजीला कुणी पुरुषाची नक्कल करणारी म्हटले नाही. पेशवाईतले मराठी सरदार कानात मोत्यांची भिकबाळी घालत आणि तीच भिकबाळी आज नवरदेवाच्या कानात पुन्हा दिसू लागली आहे. आपल्या घरात डोळ्यांत सुरमा घालणारे आजोबा असतात आणि ती सुन्नत आहे. प्रेषितांचे (स.) केस कधी कानाच्या पाळीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत पोहोचत, हेही सहीह हदीसांत नमूद आहे.

आपल्या उलमांना हे ठाऊक नव्हते असे समजू नये. हाफिज इब्ने हजर असकलानी (रह.) हे नवव्या हिजरी शतकातील इमाम. बुखारीवरील आपल्या 'फतहुल बारी' या भाष्यात ते स्पष्ट लिहितात की, पोशाखाची धाटणी प्रत्येक देशाच्या रिवाजाप्रमाणे बदलते. असाही समाज असू शकतो जिथे स्त्री-पुरुषांच्या कपड्यांत फारसा फरकच नसतो आणि स्त्रीची ओळख तिच्या पर्द्यावरून होते. म्हणजे शरीअतने तत्त्व नेमून दिले आणि त्याची खूण बरीचशी उर्फवर सोपवली. (हा शब्द आपण मराठीत दोन नावांच्या मध्ये लिहितो, फिकहमध्ये त्याचा अर्थ समाजात रुजलेली, सर्वांना परिचित असलेली रीत.)

मग खूण बदलते म्हणून हद्दच नाही असे म्हणायचे का? मराठीच्या वर्गात आम्हाला शब्दांचे लिंग शिकवत तेव्हा बहुतेकांना कंटाळा येई. माझ्या मनात मात्र तो विषय घर करून राहिला. 'बाग' हा शब्द फारसीतून आला. फारसीत नामाला व्याकरणाचे लिंगच नाही. मराठीत आल्यावर कुणी 'तो बाग' म्हणू लागले, कुणी 'ती बाग'. टेबलाला निसर्गतः लिंग कुठले? तरी आपण 'ते टेबल' म्हणतो आणि कुणी 'ती टेबल' म्हटले की कान टवकारतात. शब्दाचे लिंग समाजाने ठरवले, ते पिढ्यांबरोबर बदलूही शकते. पण एवढ्यावरून कुणी मराठीत लिंगभेदच नाही असा निष्कर्ष काढला तर त्याला भाषाच बोलता येणार नाही. वेषाचेही तसेच आहे. वस्त्र बोलते, आणि पाहणाऱ्याला कळेल असे बोलते. दिव्य कुरआनात सूरह आराफमध्ये वस्त्राला लज्जारक्षण आणि शोभा अशी दोन कामे दिली आहेत, त्यापुढे तकव्याचे वस्त्र सर्वांत उत्तम म्हटले आहे, आणि हे सारे आदमच्या संततीला उद्देशून आहे, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांना. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला एक पुरुष आणि एक स्त्री यांपासून निर्माण केल्याची आठवण देऊन श्रेष्ठत्व मात्र तकव्यावर ठेवले आहे. भेद आहे, त्यात उच्चनीचता नाही. तो भेदच पुसून टाकणे हीच मुक्ती, असे जी फॅशन शिकवते तिच्याशी माझे भांडण आहे. दुकानदाराने एकाच मापाचा ढगळ सदरा मुलगा-मुलगी दोघांना विकला तर त्यात मला तत्त्वज्ञान कमी आणि शिलाईची बचत अधिक दिसते.

आता त्या अंगठीकडे येतो. बाळीचा निर्णय उर्फवर टेकलेला आहे. आपल्या समाजात कानातले हा स्त्रियांचा शृंगार मानला जातो, म्हणून मुलाने तो घालू नये असे मी आजही सांगेन. परंतु पुरुषाच्या अंगावरील सोने उर्फवर सोपवलेलेच नाही. सोने आणि रेशीम या उम्मतच्या पुरुषांना निषिद्ध आणि स्त्रियांना वैध, असा थेट आदेश हदीसमध्ये आहे. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग येतो. प्रेषितांनी (स.) एका माणसाच्या बोटात सोन्याची अंगठी पाहिली, ती स्वतः काढून फेकली आणि तिला निखाऱ्याची उपमा दिली. प्रेषित (स.) निघून गेल्यावर लोक त्याला म्हणाले की, अंगठी उचलून घे, विकून तिचा उपयोग कर. त्याने ठाम नकार दिला, अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) फेकलेली वस्तू तो उचलणार नव्हता. रेशमाच्या बाबतीत अंगाला खाज सुटल्यामुळे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि ह. जुबैर (रजि.) यांना सवलत मिळाली, पण कारण सरळ होते. आपल्याकडे मात्र निकाहच्या दिवशी नवरदेवाच्या गळ्यात सोन्याची साखळी, बोटात अंगठी, अंगावर अस्सल रेशमाची शेरवानी असते आणि खुत्बा पढणारे आम्हीच तिथे बसलेले असतो. मी स्वतः असे किती निकाह लावले, ते मोजायला बसलो तर मान खाली जाईल.

जिथे नस स्पष्ट आहे तिथे आम्ही गप्प, आणि जिथे निर्णय रिवाजावर अवलंबून तिथे आमचा आवाज चढलेला. याचे कारण त्या वडिलांच्या तोंडून आधीच निघून गेले होते: लोक हसतात. सोन्याच्या अंगठीला लोक हसत नाहीत, उलट सलाम करतात. मुलींच्या बाबतीत तर हा कल आणखी उघडा पडतो. मुलीने कुर्त्याऐवजी सदरा घातला की घर डोक्यावर घेतले जाते. तिचा भाऊ गुडघ्याच्या वर मांडी दिसेल अशी फाटकी पँट घालून नमाजला उभा राहतो, त्याच्या सत्राविषयी कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या जुम्याला सांगायला हवी होती. इमाम नववी (रह.), ज्यांच्या किताबांवर आम्हा कोकणातील शाफिईंचा मोठा भरवसा, सहीह मुस्लिमच्या भाष्यात दोन प्रकारची माणसे वेगळी करतात. ज्याची चाल, बोलणे, हालचाल जन्मतःच स्त्रीसारखी आहे, त्याच्यावर दोष नाही, पाप नाही, शिक्षा नाही. दोष आहे तो जाणूनबुजून सोंग घेणाऱ्यावर. इब्ने हजर (रह.) पहिल्या प्रकारच्या माणसानेही हळूहळू ते सोडण्याचा प्रयत्न करावा असे म्हणतात, आणि न जमले तर नववींचे म्हणणे लागू होते असे सांगतात. स्त्री की पुरुष हे ठरवणे अवघड असलेल्या खुन्साचा वारसाहक्क आणि नमाजच्या सफमधील जागाही आपल्या फिकहच्या ग्रंथांनी चर्चिली आहे. ज्याला मशिदीत जागा दिलेली आहे, त्याला गल्लीत टोमणे मारण्याची परवानगी कुठून आली? एकमेकांची थट्टा करू नका, हा हुकूम तर हुजुरातमध्येच आहे. बारावीतला तो मुलगा नववींच्या कोणत्या प्रकारात बसतो, की नुसताच मित्रांचे पाहून बाळी घालून आला होता, हे मी त्याला विचारलेसुद्धा नव्हते.

ईदनंतर मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांसमोर मुलाला म्हटले की, मसला मी सांगितला तोच आहे. पण भर जुम्यात तुझ्याकडे पाहिले ही माझी चूक झाली, मला माफ कर. मुलगा काही बोलला नाही. चहाचे कप ठेवून आत गेला. मग मी अंगठीचा विषय काढला. "मौलाना, ती सासऱ्यांनी लग्नात घातलेली आहे," ते म्हणाले. हदीस सांगितली, त्यांनी मान डोलावली. मुलगा हल्ली दुसऱ्या मोहल्ल्यातील मशिदीत जुम्याला जातो, असे त्याच्या आईने माझ्या घरी सांगितले. अंगठी अजून बोटात आहे. परवा जुम्याला मुसाफा करताना ती माझ्या हाताला लागली, आणि या वेळी मी त्यांचा हात लगेच सोडला नाही. तीच हदीस त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितली.