वहाण आणि तिचा कर्ता

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा नावाच्या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो भरवला. त्यात चालणाऱ्या मॉडेलांच्या पायांत आपल्या कोल्हापुरीसारख्या वहाणा होत्या. कंपनीने त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले होते. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने पत्राने मान्य केले. नातवाने तो फोटो मला मोबाइलवर दाखवला आणि विचारले, "आजोबा, ही चोरीच ना?"

पूर्वपक्ष आधी मांडू. वारीत आपण कुणाला जात विचारत नाही, गाव विचारत नाही. पुढे येईल त्याच्या कपाळी बुक्का लावतो, त्याला माउली म्हणतो. मग परक्याने आपली वहाण घातली तर बिघडले काय? माझ्या मते काहीच नाही. वहाण ही वस्तू आहे, ती कुणाच्याही पायात शोभावी.

काही गोष्टी मात्र वस्तू नसतात, व्रत असतात. २०१८ साली त्याच मिलानमध्ये गुची कंपनीने शीख नसलेल्या मॉडेलांच्या डोक्यावर शिखांसारखी पगडी चढवली. शिखांनी हरकत घेतली, ती रास्तच होती. तुळशीची माळ घालताना आपण एकादशी पत्करतो, वारी पत्करतो, मद्यमांस सोडतो. ती लग्नाआधीच्या फोटोपुरती गळ्यात घालून संध्याकाळी काढून ठेवणारे आपल्याच घरातले असतात. मला ते रुचत नाही.

पण वहाणेकडे येऊ. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचे, तळ कापायचा, कातड्याच्याच वादीने शिवायचा. खिळा नाही. वरची बारीक वेणी बहुधा घरातल्या बायका विणतात. या वहाणेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचे चार. एवढे हात राबतात आणि फोटोत दिसतो तो फक्त घालणाऱ्याचा पाय. वस्तू नेली म्हणून माझी तक्रार नाही, नाव पुसले म्हणून आहे. नामाचा महिमा सांगण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे ते मला जास्त बोचले असेल.

हे सगळे नातवाला सांगत होतो आणि मध्येच जीभ अडखळली.

चाळीस वर्षे मी एकाच कारागिराच्या हातच्या वहाणा घातल्या. तो कागदावर माझे पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा, आठवड्याने जोड द्यायचा. माझे कीर्तन गावात असले की यायचा, पण बसायचा मंडपाच्या कडेला, लोकांनी चपला काढलेल्या असत तिथे. त्याला तिथे बस असे कुणी म्हटले नव्हते. आत ये असेही कुणी म्हटले नव्हते. मी चोखोबांचे चरित्र सांगत होतो, महाद्वारापाशी असलेल्या त्यांच्या समाधीचे वर्णन करत होतो, श्रोते डोळे पुसत होते. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीत उपोषण केले, तो प्रसंगही मी रंगवून सांगत असे. कीर्तन संपले की सगळे एकमेकांच्या पाया पडत. त्याच्या पाया मी कधी पडलो का? आठवून पाहिले. नाही. त्याचे पूर्ण नाव मला तो गेल्यावर, दहाव्याला कळले.

मिलानच्या मंडळींना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? त्यांनी एका शोमध्ये नाव घेतले नाही, मी चाळीस वर्षे घेतले नाही.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले. आपल्या राज्याच्या महामंडळाला संत रोहिदासांचे नाव आहे, ते वाचून बरे वाटले. एका जोडाची किंमत ऐंशी हजारांच्या वर. त्यातले कारागिराच्या हाती किती पडते ते पाहायचे.

त्या कारागिराचा मुलगा आता दुकान चालवतो. परवा मुद्दाम गेलो. प्राडाचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "महाराज, त्यांनी निदान पत्र तरी लिहिलं."

मी दारातच उभा होतो. आत बसू का, म्हणून विचारले. त्याने आरी-रापी बाजूला सारली, पोते झटकले आणि जागा करून दिली.