विधी संपल्यावर

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मराठी ख्रिस्ती समाजात ही दोन्ही साले अभिमानाने सांगितली जातात. मी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचते तेव्हा माझे मन अडकते ते या दोहोंमधल्या पाच वर्षांत. नवरा जिवंत असून दुरावलेला, लहान मूल पदराशी, आसरा पंढरपूरला नातेवाइकांच्या घरी आणि सोवळेओवळे अंगात मुरलेले. पुढे त्या टिळकांकडे गेल्या तरी खाण्यापिण्याचा विटाळ त्यांनी लगेच सोडला नाही. मग एके दिवशी, कोणाच्या आग्रहावाचून, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि मनाशी उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे.

लक्ष्मीबाईंना श्रद्धा नेमकी कधी मिळाली, असे कोणी विचारले तर मी त्या पाच वर्षांकडे बोट दाखवीन. मंडळीच्या वहीत फक्त बाप्तिस्म्याची तारीख असते. बाकीचे सगळे वहीबाहेर घडलेले असते.

जन्म, दृढीकरण, लग्न, मृत्यू या वळणांसाठी चर्चजवळ शतकानुशतके घासूनपुसून तयार झालेले विधी आहेत. ते सुंदर आहेत आणि मला प्रिय आहेत. लहान मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आईवडिलांबरोबर सगळ्या उपासकांनाही उभे करतात. या बाळाला विश्वासात वाढवायला तुम्ही साहाय्य कराल का, असे पाळकसाहेब विचारतात आणि सगळे एका आवाजात होकार देतात. तो होकार देवासमोर दिलेला असतो. त्या मुलाचे वडील वर्षभराने नोकरी गमावून घरी बसतात, किंवा आई माहेरी निघून जाते, तेव्हा मंडळीला तो आठवतो का, हा माझा प्रश्न आहे.

पहिल्या शतकातल्या मंडळीला तो आठवावा लागला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मंडळीतली एक जुनी कुरबूर नोंदलेली आहे, आणि ती सिद्धान्तावरून झालेली नाही. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यावर सात माणसे निवडली गेली, प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. यरुशलेमच्या मंडळीने अधिकृतपणे वाटून दिलेले हे काम नवरा गेलेल्या बायकांच्या ताटाशी जोडलेले होते. आज पाळकमंडळाच्या बैठकीत छपराच्या पत्र्यांवर आणि नव्या साऊंड सिस्टिमवर तासन्‌तास चर्चा होते, तेव्हा हा अध्याय कोणीतरी मोठ्याने वाचायला हवा.

रूथच्या पुस्तकाकडेही मी याच नजरेने पाहते. आपल्याकडे त्यावरची प्रवचने बहुधा रूथच्या निष्ठेवर होतात आणि लग्नात तिचे शब्द वाचले जातात. खरे तर ते तिने सासूला उद्देशून काढलेले आहेत. मला त्यातली ही सासू, नामी, जवळची वाटते. दुष्काळामुळे ती मवाबात गेली, तिथे नवरा आणि दोन्ही मुलगे गमावले आणि रिकाम्या हातांनी बेथलेहेमला परतली. बायका तिला ओळखतात, तेव्हा ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण देवाने मला फार कडू दिवस दाखवले. त्या बायका तिला उपदेश करत नाहीत. विश्वास कमी पडला म्हणून असे झाले, असे कोणी म्हणत नाही. नामी देवाविरुद्ध बोलते आणि ते बोलणे पवित्र शास्त्रात जसेच्या तसे राहते. शेवटच्या अध्यायात रूथला मुलगा होतो तेव्हा पुन्हा याच बायका पुढे येतात, नामीच्या वतीने देवाचे आभार मानतात आणि बाळाचे नाव ठेवतात: ओबेद. बाळाचे नाव शेजारणींनी ठेवावे, हे विशेषच आहे. कडू बोलण्याच्या दिवशी त्या दारात होत्या, म्हणून नाव ठेवण्याच्या दिवशी त्यांना तो हक्क मिळाला, असे मी समजते.

रविवारची उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून जो आशीर्वाद उच्चारतात, तो गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला, अहरोनाच्या घराण्याला सोपवलेला. 1979 साली यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर, केतेफ हिन्नोम इथल्या एका दफनगुहेत चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडायला संशोधकांना पुढे काही वर्षे लागली. आत याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. या गुंडाळ्या इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षांच्या मानतात. म्हणजे मृत समुद्राजवळच्या हस्तलिखितांहूनही त्या कितीतरी जुन्या. बायबलचा याहून जुना लिखित मजकूर आजवर हाती आलेला नाही. इतक्या मागचे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते मंदिराच्या भिंतीवरून नाही, कोणीतरी अंगावर वागवलेल्या आणि थडग्यापर्यंत सोबत नेलेल्या चांदीच्या पत्र्यावरून. ज्याने तो पत्रा गळ्यात घातला, त्याला त्या शब्दांची गरज रोज भासत असणार.

आशीर्वाद म्हणजे यश, ही समजूत अलीकडे आपल्या मंडळ्यांत फार पसरली आहे. व्हिसा मिळाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली की आभारदानाचे पाकीट येते, नाव वाचले जाते, सगळ्यांना आनंद होतो. तो आनंद खरा आहे आणि तो व्हावाच. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो त्याच रविवारी मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्यासाठी त्या उपासनेत एकही वाक्य नसते. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे. इस्राएलाने आपले रडणे उपासनेच्या पुस्तकातच बांधून ठेवले. आपण मात्र स्तुतीची स्तोत्रे निवडतो आणि उरलेली चाळून पुढे जातो. याकोबाला यब्बोकच्या काठी आशीर्वाद मिळाला त्याच रात्री त्याची मांडी लचकली आणि सकाळी तो लंगडत एसावाला भेटायला गेला. आशीर्वादित माणूस लंगडू शकतो, हे मान्य केल्याशिवाय मंडळीत दुःखी माणसाला बसायला जागा होणार नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने पुन्हा वाचावे. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला, फेब्रुवारी 1882 मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. पदरी मनोरमा, तिला वर्षही पुरे झालेले नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथवरचे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी वाँटेजच्या भगिनींशी धर्ममतांवरून खडाजंगी पत्रव्यवहार केला, जे बुद्धीला पटले नाही ते मान्य केले नाही. पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ सांगितले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त स्वतः बऱ्याच वर्षांनी. एवढ्या मोठ्या बाईने हे लिहून ठेवले याचे मला अपार मोल वाटते. विधी झाला तरी आत काही हलले नाही, या बोचणीने जे तरुण दृढीकरणानंतर चर्चकडे पाठ फिरवतात, त्यांच्या हाती हे पान द्यावे.

आणि त्या स्वतः काय करत होत्या? 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा यांना त्या केडगावला आणत होत्या. तिथल्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमात उपासना होती आणि तिच्या जोडीला माग, छापखाना आणि शाळाही होत्या. सगळे गमावून आलेल्या मुलीला प्रार्थनेबरोबर हातात कसब दिले जाई. मुलगी मनोरमा 1921 साली गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. शेवटचे दुःख त्यांनाही चुकले नाही.

रोमन कॅथलिक चर्चने या बाबतीत विसाव्या शतकात दोन शहाण्या गोष्टी केल्या, आणि मी प्रॉटेस्टंट घरातली असूनही त्यांचा उल्लेख मुद्दाम करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 साली, तेलाच्या अभ्यंगाचा विधी सुधारला गेला. लोकांच्या मनात तो अखेरच्या घटकेचा होता; धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आता संपले, असे घरचे समजत. तो आता गंभीर आजारात, शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणात, माणूस बोलूचालू शकतो अशा वेळीही दिला जातो. त्याच वर्षी प्रौढांच्या बाप्तिस्म्याची प्राचीन, टप्प्याटप्प्याची रीत पुन्हा आणली गेली. तिच्यात बाप्तिस्म्यापूर्वीची दीर्घ तयारी आहे आणि बाप्तिस्म्यानंतरचाही एक काळ राखून ठेवला आहे. नव्याने आलेल्या माणसाला मंडळीत मुरू देण्यासाठी तो असतो. आधी आणि नंतर लागणारा वेळ विधीतच धरला गेला.

आपल्याकडे तो वेळ एका माणसाला नव्हे, अख्ख्या समाजाला लागला. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतली पुष्कळ महारवाड्यांतली होती. गावकीची कामे नाकारली म्हणून गावाचा रोष ओढवे. 1850 च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही असे सांगितले, पण मुळात जमीनच नसलेल्या घरांना त्याचा काय उपयोग? पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्या 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाल्या, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आपल्या आजोबापणजोबांच्या श्रद्धेची किंमत नातवंडे प्रवेश अर्जाच्या रकान्यात अजून मोजतात. या घरांना तगवले ते मिशनच्या शाळांनी, दवाखान्यांनी आणि एकमेकांच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांनी. त्यांच्या विश्वासाबद्दल कोणी हलके बोलले की मला राग येतो.

ज्या वळणांसाठी विधीच नाही, ती वळणे आता वाढली आहेत. घटस्फोट हे त्यांतले सर्वांत अवघड. 1869 च्या कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागता येई; बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि 2001 साली संसदेने कायदा सुधारून परस्परसंमतीचीही तरतूद केली. कायदा बदलला, बाकांवरची कुजबुज तशीच राहिली. लग्नाच्या आधी लागोपाठच्या रविवारी जिचे नाव मंडळीसमोर आनंदाने पुकारले, ती संसार मोडून परतते तेव्हा तिचे नाव कोणी घेत नाही. प्रभुभोजनाला ती पुढे येते का, याकडे मात्र डोळे असतात. मला हे पाप वाटते, आणि मी हा शब्द विचारपूर्वक वापरते आहे.

तशीच गत मुले परदेशी गेलेल्या वृद्धांची, निवृत्तीनंतर एकाएकी कोणी न उरलेल्या शिक्षकांची, आखातात रात्रपाळी करणाऱ्या आणि वर्षातून एकदा घरी येणाऱ्या परिचारिकांची.

मंडळीकडून काय होऊ शकते, ते मी घरीच पाहिले आहे. वडील गेल्यानंतर दफनाला पुष्कळ माणसे आली, सांत्वनाची उपासना झाली, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. भगिनी मंडळातल्या एक मावशी मात्र येत राहिल्या. आईने तोवर कधी चेकवर सही केलेली नव्हती. मावशी तिला बँकेत घेऊन गेल्या, पेन्शनचा अर्ज, वारसाचा फॉर्म, हयातीचा दाखला, सगळे समोर बसून भरून घेतले. परत आल्यावर चहा होई आणि निघताना त्या चार वाक्यांची प्रार्थना करत. आई म्हणायची, त्या दिवसांत मला देव दिसायचा तो मावशींच्या पिशवीतल्या कागदांत. तिचा विश्वास तिथे टिकला. वडिलांच्या दफनविधीतले प्रवचन कशावर होते, ते आम्हां कोणालाच आठवत नाही.

टिळक 1919 साली गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले, आणि 'स्मृतिचित्रे'ही लिहिली. अक्षरओळख नवऱ्याकडून झालेल्या बाईने वैधव्यात हे केले. त्यांच्यामागे घर होते, मुलगा होता, मंडळी होती, त्यांना ओळखणारी आणि त्यांचे ऐकणारी माणसे होती. असे पाठबळ प्रत्येक विधवेला मिळत नाही. ते मिळवून देणे आपल्या हाती आहे.

उपासनेचे नवे वर्ष नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. त्याआधीच्या बैठकीत पाळकमंडळांनी सभासदांची वही उघडावी आणि सरत्या वर्षात कोणाचे आयुष्य बदलले याची यादी करावी. तीत दफने आणि लग्ने यांच्याबरोबर मोडलेली लग्ने, गेलेल्या नोकऱ्या, मोठे आजार, रिकामी झालेली घरे हीही असावीत. प्रत्येक नावापुढे मंडळीतल्या एका माणसाचे नाव लिहावे, आणि त्या माणसाने निदान पुढच्या नाताळापर्यंत त्या घरी जात राहावे. जाताना भाषण तयार करून नेऊ नये. फॉर्म भरायचे असतील तर पेन मात्र न्यावा.