आजचं चिंतन: लोभाचं दार



गीतेच्या सोळाव्या अध्यायात, 21व्या श्लोकात, भगवंतांनी नरकाची तीन दारं सांगितली आहेत: काम, क्रोध आणि लोभ. लोभाचं दार आज ईमेलमध्येही उघडतं. तिकीटच न काढलेली लॉटरी लागते! आधी फक्त ‘प्रोसेसिंग फी’ भरा, कुणाला सांगू नका. मग कस्टम्स, मग टॅक्स. गेलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुन्हा भरतो.

मग दोषी कोण? मोह आपला, पण पाप फसवणाऱ्याचंच. म्हणून फसलेल्याला हसू नका. तो लाजून गप्प बसला की चोराचंच फावतं.

असा मेल आला तर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

जय हरी!