शाफ्टवरचा दुहेरी ताण

यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शाफ्टचं एक गणित हमखास सोडवावं लागतं. शाफ्टला वाकवणारा भार वेगळा, पीळ देणारा वेगळा. दोन्ही स्वतंत्र तपासले तर शाफ्ट सुरक्षित दिसतो, एकत्र धरले तर तोच मोडू शकतो. सुटी तपासणी करून शाफ्ट पास करणाऱ्याला परीक्षक मार्क देत नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये 1976 साली न्यायालयाने मात्र अशीच सुटी तपासणी केली. एमा डिग्रॅफनरीड आणि तिच्या चार सहकारी स्त्रिया जनरल मोटर्सविरुद्ध उभ्या होत्या. कंपनीने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि कपात ज्येष्ठतेनुसार झाली. शेवटी आलेला आधी जाणार! नियमात ना वंशाचा उल्लेख, ना स्त्रीचा. 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी त्यात गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की, कंपनीत स्त्रिया पूर्वीपासून आहेत, म्हणजे स्त्री म्हणून तक्रार टिकत नाही. वंशाची तक्रार असेल तर तिच्यासाठी दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. आधीच्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत बसत होत्या. कारखान्यात कृष्णवर्णीय होते ते पुरुष. दोन्ही तपासण्या पास, आणि माणसं घरी.

याच निकालाची चिरफाड करत कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे एकाच माणसावर दोन भेदभाव एकत्र पडतात या कल्पनेची, मांडणी केली. त्याच वर्षी मराठीत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांविषयीचं. त्याच्या कितीतरी आधी, 1855 मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ताबाईने ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसल्याचं सांगितलं होतं. जातीचं दुःख आणि बाईचं दुःख तिने दोन कप्प्यांत ठेवलं नाही. तेव्हा ही कल्पना परदेशातून आयात झाल्याची तक्रार करणाऱ्यांनी आधी मुक्ताबाई वाचावी.

अभियंत्यांचा आवडता आक्षेप वेगळाच असतो: काँक्रीटला जात नसते, समीकरणाला लिंग नसतं. खरं आहे. पण वस्तू कोणावर तपासायची हे समीकरण ठरवत नाही, माणूस ठरवतो. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. एकूण अचूकतेच्या आकड्यात ही दरी झाकली जात होती. स्त्री-पुरुष किंवा गोरे-काळे असं एकेकटं मोजलं तरी तिची पूर्ण खोली कळत नव्हती.

म्हणजे प्रश्न शेवटी तत्त्वज्ञानाचा आहे: कोणालाच न पाहणारा नियम न्याय्य म्हणायचा का? डिग्रॅफनरीड खटल्यातल्या कपातीच्या नियमाने कोणालाच पाहिलं नव्हतं. म्हणूनच जुना अन्याय त्यातून जसाच्या तसा पुढे आला.

एकाच माणसात ओझं आणि आधार दोन्ही असू शकतात, हे ए. ललिता यांच्याकडे पाहिलं की कळतं. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्या 1943 मध्ये विद्युत अभियंता झाल्या, भारतातल्या स्त्रियांमध्ये पहिल्या. वडील त्याच महाविद्यालयात त्याच विषयाचे प्राध्यापक होते. ललितांचं कर्तृत्व यामुळे उणं होत नाही. फक्त तशाच वयाच्या, तशाच विधवा, पण असे वडील नसलेल्या मुलीला ते दार दिसलंही नसतं, इतकंच. सुधा मूर्तींनी 1974 मध्ये जे. आर. डी. टाटांना लिहिलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, ते योग्यच आहे. मात्र ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ ही टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचायलासुद्धा आधी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सपर्यंत पोचावं लागत होतं.

आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा आणल्या, आणि त्या खुला, ओबीसी, एससी, एसटी अशा प्रत्येक प्रवर्गात विभागल्या. शाफ्टचं गणित इथे बरोबर सुटलं. नाहीतर ‘मुली वाढल्या’ म्हणताना कोणाच्या मुली वाढल्या, हे विचारायचं राहून गेलं असतं.

पदवीनंतर मात्र हे मोजमाप थांबतं. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना मनुष्यबळाचा तक्ता द्यावा लागतो. त्यात स्त्री-पुरुष मोजले जातात, अपंग कर्मचारीही स्त्री-पुरुष असे वेगळे दाखवले जातात. म्हणजे दोन रकाने एकमेकांना छेद देऊ शकतात, हे सेबीला ठाऊक आहे. जातीचा रकाना त्या तक्त्यात नाही. माहिती स्वेच्छेने आणि नाव न घेता गोळा करून तो जोडायला हवा, आणि ही मागणी करण्यात अभियंत्यांच्या संघटनांनी पुढे असावं.