जिथे दिवा मंदावतो

बसा. डोळे रुळांच्या उंचीला येतील, असे खाली बसा.

समोर प्लायवूड आहे. त्यावर छोट्या रुळांची वळण घेत जाणारी, टोकं न जुळणारी वाट. पलीकडच्या वळणावर एक इंजिन उभं आहे, मागे तीन डबे.

आत्ता धावत होतं. आता उभं आहे.

हात लावू नका.

बोटानं ढकलावंसं वाटतं. वाटू द्या. ढकललंत तर ते चार बोटं पुढे जाईल, कदाचित धावायलाही लागेल. आणि ज्या जागेनं त्याला थांबवलं, ती जागा तुमच्या नजरेतून निसटेल.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

बाहेर श्रावणाची सर येऊन गेली आहे. खिडकीतून ओली हवा येते. ती रुळांवरही बसते.

आता ऐका.

पॉवर पॅकमधून बारीक गुणगुण येते. भिंतीतले 230 व्होल्ट त्या डबीत शिरतात आणि 12 होऊन बाहेर पडतात. डबी उघडायची नाही; 230 तिथेच राहू द्या. आपलं काम या 12 व्होल्टशी. एवढ्यानं बोटांना झटका बसत नाही.

गुणगुण ऐकू येते, म्हणजे डबीपर्यंत वीज पोचते आहे. आत्ता एवढंच कळलं. एवढंच पुरे.

दोन रूळ बघा. एक धन, एक ऋण.

एका रुळातून वीज चाकात चढते. चाकातून मोटरमध्ये. कार्बनच्या दोन ब्रशांमधून फिरत्या गुंडाळीत. मग पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरते आणि डबीकडे परतते.

डोळे मिटा. ही वाट मनात एकदा चाला. घाई नको. चढा, फिरा, उतरा, परत या.

पुन्हा एकदा.

या रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. त्याला या छोट्या गाडीच्या प्रमाणानं, म्हणजे 87 नं गुणलं, की जवळजवळ युरोपातल्या बहुतेक रेल्वेंचे 1435 मिलिमीटर होतात. आपल्या पुणे स्टेशनातले रूळ याहून रुंद, 1676 मिलिमीटर. पण विजेची वाट ओळखीची आहे. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली तेव्हा डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्ट होते, तेही या रुळांतल्यासारखेच एकाच दिशेनं वाहणारे. तारेतून इंजिनात, मोटरींतून चाकांत, चाकांतून रुळांत. तिथेही चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा नखाएवढीच.

त्या टेकण्याकडे बघा. चाक जिथे रुळाला टेकलं आहे, तिथेच.

रूळ जर्मन सिल्व्हरचा आहे. तांबं, जस्त, निकेल. वरची कड चमकायला हवी. बोट हलकेच फिरवा.

बोटाला काळं लागलं. तेलाचा अंश, धूळ, चाकाखाली उडणाऱ्या बारीक ठिणग्यांची काजळी. स्वच्छ सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलं करा. पुसा. एक वीत. थांबा. आणखी एक वीत. काचकागद वापरू नका, त्याचे ओरखडे पुढच्या काजळीला घर देतात.

अल्कोहोल उडून जाऊ द्या. वास विरेपर्यंत नुसते बसा.

इंजिन अजून उभंच आहे. असू द्या.

कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुम्ही कधी पाहिलं असेल. 1 एप्रिल 1998 ला ते सुरू झालं. सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस, आणि त्या सगळ्यातून धावणाऱ्या गाड्या. मुलं काचेला नाक लावतात ती धावत्या गाडीसाठी. मला मात्र वाटतं, एकदा तिथे फक्त थांबलेल्या गाडीकडे बघावं. सिग्नल लाल आहे. गाडी उभी आहे. काहीही बिघडलेलं नाही.

आता मोठ्या रुळांवरचा एक रिले डोळ्यांसमोर आणा.

तारेची गुंडाळी. आत लोखंड. वर एक पट्टी. रुळांमधून येणारा मंद प्रवाह गुंडाळीत वाहतो, तोवर पट्टी वर धरलेली असते. गाडी आली, की तिचे आस दोन रुळांना जोडतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, आणि पट्टी स्वतःच्या वजनानं खाली पडते. टक. सिग्नल लाल.

रूळ तुटला तरी पट्टी पडते. तार सुटली तरी पडते. वीज गेली तरी पडते. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये हे मांडलं. जे काही हरवेल, त्यानं गाडी थांबवावी, अशीच त्याची रचना. मला माणसानं बनवलेल्या गोष्टींत याहून दयाळू फार थोड्या दिसतात.

ती टक मनात ऐका. पुन्हा ऐका.

शिकागोत बनलेल्या जुन्या पिनबॉल यंत्रांच्या पोटातही अशाच टकटकीची रांग असते. चिप नाही. गुण मोजायचे तेही गुंडाळ्यांनी, पट्ट्यांनी आणि एकेक घर पुढे सरकणाऱ्या चाकांनी. 1970 च्या दशकाअखेर ती यंत्रं बनायची थांबली. त्यांतलं एखादं अडलं, की जाणता माणूस आधी कान देतो. कोणती टक आली? कोणती यायची राहिली?

आपल्या रुळांकडे परत या.

एक दिवा घ्या. नाना पेठेत गाडीच्या पार्किंग लाइटचा मिळतो तसा, 12 व्होल्ट, 5 वॅटचा. त्याला दोन छोट्या तारा. मीटर असेल तर बाजूला ठेवा. मीटर विजेकडून जवळजवळ काही मागत नाही, म्हणून सैल जोडावरही तो आनंदानं 12 दाखवतो. दिवा मात्र खरंच मागतो. तेवढं जिथे मिळत नाही, तिथे तो मंदावतो.

इंजिन आणि डबे अलगद उचलून कापडावर ठेवा. पॉवर पॅकचं बटण पूर्ण फिरवा.

डबीजवळच्या रुळांना दोन तारा टेकवा. दिवा पांढरा पेटतो.

एक वीत पुढे. पांढरा.

आणखी एक वीत. श्वास घ्या. पांढरा.

रुळांच्या प्रत्येक जोडाच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. घाई नको. इतकी सगळी वाट शाबूत आहे, हेही बघत चला. इथे ठीक. इथेही ठीक.

वळण येतं. जोडाच्या अलीकडे, पांढरा.

जोडाच्या पलीकडे, तांबूस.

थांबा. तारा तिथेच धरून ठेवा.

मागे या. पांढरा. पुढे. तांबूस.

पुन्हा मागे. पुन्हा पुढे.

दोन रुळांना धरणारी पत्र्याची छोटी पट्टी बघा. बोटानं तिच्यावर हलका दाब द्या. दिवा उजळतो. बोट उचला. तांबूस. तिची पकड ढिली झाली आहे, आणि आत ओल शिरून काळपट थर बसला आहे. रूळ तोच, वीज तीच. मधे केसाएवढी जागा.

तिच्याकडे थोडा वेळ बघत राहा. लगेच दुरुस्त करू नका.

आता पॉवर पॅक बंद करा. प्लग काढा. पट्टी सरकवून बाहेर घ्या, अल्कोहोलनं पुसा, पक्कडीनं किंचित आवळा. परत बसवा. पुढच्या पावसाळ्यातही हा जोड टिकावा असं वाटत असेल, तर दोन्ही रुळांच्या बाहेरच्या अंगाला बारीक तारेचा तुकडा सोल्डर करा. चाकं आतल्या अंगानं जातात, त्यांना तो लागणार नाही.

प्लग लावा. दिवा टेकवा. अलीकडे पांढरा. पलीकडे पांढरा.

इंजिन अजून रुळावर ठेवू नका. ते उलटं करा, चाकं तुमच्याकडे. तीही काळी आहेत. डब्यांचीही. हीच काजळी ती पुन्हा रुळावर नेतील, तेव्हा एकेक चाक पुसून घ्या. डब्यांपासून सुरुवात करा.