दुसऱ्याची अमानत

‘ज्याच्या मनात चोर नाही, त्याला पडदा कशाला हवा?’ खासगीपणाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. मात्र तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. कुरआनच्या सूरह हुजुरातमधील १२ व्या आयतीत दुसऱ्यावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. पडदा का ठेवला, याचा जाब घरमालकाने द्यायचा नसतो. आत डोकावणाऱ्याने द्यायचा असतो.

रेशन, बँक, पेन्शन, दवाखाना, सगळीकडे आज आपली नोंद जाते. ती दिल्यावाचून काम होत नाही, म्हणूनच ती घेणाऱ्याकडची अमानत ठरते. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे इंटरनेटवरून उचलून ॲपवर त्यांच्या ‘लिलावा’चा घाणेरडा खेळ मांडला गेला. त्या स्त्रियांनी काहीही लपवले नव्हते. तरीही त्यांची अब्रू वेशीवर टांगली गेली.

मग दुसऱ्याच्या कुलपातील खोट शोधणारे संशोधक काय करतात? तीही पाळतच नव्हे का? सुमारे १३ लाख वस्तीच्या एस्टोनियात बँक, औषधाची चिठ्ठी, मतदानसुद्धा एका ओळखपत्रावर चालते. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना त्यातील चिपमध्ये दोष सापडला: कार्डाच्या उघड किल्लीवरून गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. त्यांनी आधी चिप बनवणाऱ्या कंपनीला कळवले, बारकावे नंतर प्रसिद्ध केले. सुमारे ७,५०,००० कार्डे धोक्यात होती. निवडणूक तोंडावर असतानाही सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये जनतेला हे सांगितले आणि नोव्हेंबरात, दुरुस्त न झालेल्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली.

भिंतीतील भगदाड चोरालाही दिसते, गवंड्यालाही दिसते. फरक नियतीचा, आणि ते दिसल्यावर काय केले याचा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. हा हक्क आपण सरकारकडे जरूर मागावा. पण जकात घेणाऱ्या विधवेचे नाव, शिष्यवृत्ती मागणाऱ्या मुलाच्या बापाची मिळकत, या नोंदी आपल्या जमातीच्या आणि संस्थांच्या कपाटांतही असतात. त्या व्हॉट्सॲपवर फिरणार नाहीत, एवढी राखण तरी आपल्याच हातात आहे.